आल्प्सच्या उंचीवर मोटारमुक्त खडीवाटा: पुण्यातील नवख्या सायकलस्वारांसाठी मार्गदर्शन

सिंहगडाचा घाट न थांबता चढणाऱ्या पुण्यातील अनेक सायकलस्वारांना आता ग्रॅव्हल सायकलिंगची ओढ लागली आहे. डांबरी रस्ता सोडून रुंद, कच्च्या पण चालवण्याजोग्या वाटांनी लांबवर जाणे, एवढाच या प्रकाराचा साधा अर्थ. आल्प्स पर्वतात अशा वाटा विपुल आहेत आणि त्यांतील बऱ्याच वाटांवर मोटारींना व मोटारसायकलींना मज्जाव असल्याने हॉर्न, धूर आणि मागून येणारा ट्रक या तिन्हींपासून सुटका होते. परंतु वाहतूक नाही म्हणजे वाट सोपी आहे, असा समज करून घेऊ नये. अशा वाटांवर नवख्यांची खरी परीक्षा चढावर होत नाही. ती सैल खडीच्या लांब उतारावर आणि दुपारच्या बदलत्या हवेत होते. म्हणून पुढील सर्व तयारी या दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून मांडली आहे.

प्रथम एकच खोरे निवडावे

पहिल्याच सहलीत चार देश आणि दहा खिंडी असा बेत आखू नये. उत्तर इटलीतील बोर्मियो हे गाव मुक्कामासाठी घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,२२५ मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा सुमारे चारशे मीटर खाली आहे; त्यामुळे रात्रीच्या झोपेला उंचीचा त्रास सहसा होत नाही. गावाच्या वर, साधारण १,९०० मीटरांवर फ्राएले खोऱ्यात कान्कानो आणि सान जाकोमो हे दोन मोठे धरण-तलाव आहेत. स्टेल्व्हिओ राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येणाऱ्या या तलावांच्या आसपास सपाट, मध्यम आणि कठीण अशा तिन्ही प्रकारच्या खडीवाटा मिळतात.

तोर्री दी फ्राएले हे दोन जुने टेहळणी बुरूज या खोऱ्याच्या तोंडाशी उभे आहेत. बोर्मियोच्या बाजूने त्यांच्यापर्यंत नागमोडी वळणांचा डांबरी घाट जातो आणि त्यावर गाड्या येतात, हे आधीच ध्यानात ठेवावे. बुरुजांपासून आर्नोगा या वस्तीपर्यंत मात्र डोंगराच्या कुशीतून जवळजवळ एकाच उंचीवर जाणारी ‘डेकोव्हील’ नावाची कच्ची वाट आहे. धरणांच्या बांधकामासाठी टाकलेल्या अरुंद लोहमार्गाची ती जागा असल्याने तिच्यावर तीव्र चढ-उतार नाहीत. सामान वाहणाऱ्या छोट्या गाडीला जो चढ झेपत नाही तो त्या काळच्या अभियंत्यांनी टाळला आणि त्याचा लाभ आज सायकलस्वाराला होतो. पहिल्या दिवसासाठी याहून योग्य वाट मला सुचत नाही.

मनाई कोणाला आहे, हे फलकावर वाचावे

‘मोटारमुक्त’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. काही वाटांवर मोटारींना कायमची बंदी असते, काहींवर फक्त ठरावीक वारी आणि ठरावीक तासांपुरती. पश्चिमेकडील पिएमोंत प्रांतातील आस्सिएत्ता ही जुनी लष्करी खडीवाट त्याचे चांगले उदाहरण आहे. सुमारे अडीच हजार मीटर उंची गाठणाऱ्या या वाटेवर जुलै व ऑगस्टमध्ये बुधवारी आणि शनिवारी दिवसा मोटारींना बंदी घालण्याची प्रथा आहे. इतर दिवशी तीच वाट मोटारसायकलींच्या धुळीने भरते. अशा ठिकाणी वार चुकला तर सहलीचा हेतूच फसतो, म्हणून त्या वर्षीची अधिसूचना पाहूनच तारीख ठरवावी.

फलकांच्या बाबतीत एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. लाल कडेच्या गोल पांढऱ्या फलकात मोटार आणि मोटारसायकल यांची चित्रे असतील, तर बंदी त्यांनाच असते आणि सायकल जाऊ शकते. तोच फलक आतून कोरा असेल, तर तो सर्व वाहनांना लागू होतो, आणि सायकल हेही वाहनच आहे. मात्र त्याखाली लहान पाटीवर सवलत लिहिलेली असू शकते, म्हणून ती पाटी वाचल्याशिवाय पुढेही जाऊ नये आणि निराश होऊन मागेही फिरू नये. बंदी असलेल्या वाटेवरही गुराखी, वनकर्मचारी किंवा धरणाचे कामगार यांची परवानाधारक गाडी येऊ शकते. तेव्हा आंधळ्या वळणावर वाटेच्या मधोमध राहण्याची चैन करू नये. तिकडे वाहतूक उजव्या बाजूने चालते. पुण्याच्या रस्त्यावर घडलेला हात अचानक समोर गाडी दिसताच डावीकडे वळतो, म्हणून रिकाम्या वाटेवरही उजवी कड धरण्याची सवय पहिल्या तासापासून लावून घ्यावी.

हंगाम

जूनमध्ये उंच खिंडींच्या सावलीच्या बाजूला बर्फ शिल्लक असू शकते. जुलै आणि ऑगस्टमध्ये वाटा मोकळ्या असतात, पण दुपारच्या गडगडाटी पावसाचे प्रमाण अधिक असते आणि १५ ऑगस्टच्या सुमारास इटलीत सुट्ट्यांची मोठी गर्दी उसळते. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो: गर्दी ओसरलेली असते, हवा तुलनेने स्थिर असते आणि डोंगरातील विसाव्याची ठिकाणे अजून उघडी असतात. दिवस मात्र लहान होऊ लागलेला असतो आणि पहाटे पाण्याच्या बाटलीला हात लावला तर बोटे गारठतात.

सायकल कशी असावी

पहिल्या सहलीसाठी स्वतःची सायकल विमानातून नेण्यापेक्षा बोर्मियोत भाड्याने घ्यावी, असा माझा सल्ला आहे. खोक्यात बांधणे, विमान कंपनीचे जादा शुल्क, बसमध्ये जागा मिळण्याची अनिश्चितता आणि उतरल्यावर वाकलेला डिरेलर हँगर (गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) शोधत बसणे, एवढे सगळे तीन-चार दिवसांच्या चालवण्यासाठी परवडत नाही. पेडल आणि सीट मात्र आपापल्या सवयीचे नेता येतात आणि त्यांनी फार फरक पडतो.

भाड्याची सायकल घेताना प्रथम टायर पाहावेत. ४० मिलिमीटरपेक्षा अरुंद टायर या खडीवर नवख्यांना त्रास देतात. ४५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, ट्यूबलेस टायर मिळाल्यास उत्तम. सुमारे सत्तर किलो वजनाच्या व्यक्तीसाठी अशा टायरात साधारण २८ ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा पुरते आणि पुढच्या चाकात मागच्यापेक्षा दोन-तीन पीएसआय कमी ठेवता येते. हवा जास्त भरली की वेग वाढतो, हा डांबरावरचा अनुभव येथे लागू पडत नाही. टणक टायर प्रत्येक दगडावरून उडतो, पकड सुटते आणि हादरे मनगटांत जातात.

त्यानंतर गिअर पाहावेत. सर्वांत हलक्या गिअरमध्ये मागची चकती पुढच्या चकतीएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी, उदाहरणार्थ पुढे ४० आणि मागे ४२ दाते. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक किंवा त्याहून कमी फेरा होईल. सैल खडीवर सीटवरून उठून जोर लावला, तर मागचे चाक जागीच फिरते. बसूनच, शांतपणे पेडल मारत राहता यावे म्हणून हा हलका गिअर लागतो. तो असणे कमकुवतपणाचे लक्षण आहे असे कुणी म्हणाले, तर त्याच्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

शेवटी ब्रेक पाहावेत, आणि ते सर्वांत काळजीपूर्वक पाहावेत. ते डिस्क ब्रेकच असावेत, पॅडची जाडी दुकानदाराकडून दाखवून घ्यावी. आपल्याकडील बहुसंख्य सायकलींवर पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो; इटलीतील सायकलींवर तो सहसा डावीकडे असतो. ही अदलाबदल उभ्या सायकलीवर क्षुल्लक वाटते, पण उतारावर घाबरून एक हात आवळला की नेमके पुढचे चाक अडकते. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत दहा-पंधरा मिनिटे फिरून हात सरावल्याखेरीज डोंगराकडे वळू नये, किंवा दुकानदाराला सांगून ब्रेक बदलून घ्यावेत.

पुण्यातील सराव

सहलीच्या तीन ते चार महिने आधी सराव सुरू करावा. चढाईसाठी सिंहगड पुरेसा आहे, मात्र शनिवार-रविवारची गर्दी टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे जावे. गड गाठण्याची वेळ मोजत बसण्यापेक्षा संपूर्ण चढ बसून, बोलता येईल इतक्याच दमाने पार करावा. ते जमले की बोपदेव घाटाने सासवडला जाऊन दिवे घाटाने परतण्यासारखी लांब फेरी महिन्यातून एक-दोनदा करावी. सलग दोन दिवस सायकल चालवण्याचा सराव असणे, एका दिवसात विक्रम करण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

खडीचा सराव वेगळा करावा लागतो. सासवड, भुलेश्वर, माळशिरस या पट्ट्यातील पाणंद रस्ते आणि शेतांमधल्या गाडीवाटा त्यासाठी चांगल्या आहेत. तेथे एक फरक समजून घ्यावा: आपला मुरूम कोरडा असला की दबून घट्ट बसतो आणि पावसात चिकट होऊन टायर व फ्रेम यांच्यात भरतो. फ्राएले खोऱ्यातील खडी चुनखडकाची, कडेकोपऱ्यांची आणि सुटी असते. तिच्यातून पाणी निचरून जाते, पण चाकाखाली ती सरकते. त्यामुळे मुरमावर मिळालेला आत्मविश्वास तेथे पूर्णपणे उपयोगी पडत नाही. डांबरीकरणाआधी खडी अंथरून ठेवलेला, रहदारी नसलेला एखादा गावरस्ता सापडला तर तो सोडू नये, कारण इटलीतील वाटेशी सर्वांत जवळचे साम्य त्याचेच आहे.

अशा रस्त्यावर उतरण्याची रीत हळूहळू हाडांत मुरवावी. पेडल आडव्या रेषेत ठेवून त्यांवर भार द्यावा आणि सीटवरून किंचित उठावे. कोपर सैल सोडावेत, नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे ठेवावी. वेग वळणाच्या आधी, चाक सरळ असतानाच कमी करावा आणि वळणात शिरल्यावर ब्रेक शक्यतो सोडावा. वळताना टायरची पकड आधीच वापरली गेलेली असते आणि तिच्यावर ब्रेकचा भार पडला की चाक निसटते. लांब उतारावर दोन्ही ब्रेक सतत घासत ठेवल्यास डिस्क तापते. त्याऐवजी थोडा वेळ ठामपणे ब्रेक लावून वेग उतरवावा, मग सोडावा आणि पुन्हा लावावा. चाक थोडे सरकले तरी हँडल घट्ट न आवळण्याची सवय सर्वांत उशिरा लागते, आणि तीच घसरण्यापासून वाचवते.

कागदपत्रे आणि प्रवास

इटली आणि स्वित्झर्लंड या दोन्ही देशांना शेंगेन व्हिसा चालतो; अधिक मुक्काम ज्या देशात असेल त्याच्याकडे अर्ज करावा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून विलंब करू नये. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा व्हिसासाठी अनिवार्य असतोच, परंतु त्यात डोंगरातील सायकलिंग आणि हेलिकॉप्टरने केलेली सुटका अंतर्भूत आहे का, हे कलम स्वतः वाचून खात्री करावी. स्वस्त विम्यांतून बऱ्याचदा नेमक्या याच दोन गोष्टी वगळलेल्या असतात.

मुंबईहून मिलानला विमानाने, मिलानहून तिरानोपर्यंत रेल्वेने आणि तेथून बसने बोर्मियोला, असा सरळ मार्ग आहे. मिलान ते तिरानो हा रेल्वेप्रवास सुमारे अडीच तासांचा असून त्याचा काही भाग कोमो सरोवराच्या काठाने जातो. खाण्याच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी धास्ती घेऊ नये. या खोऱ्यातील ‘पित्सोक्केरी’ हा पदार्थ कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, कोबी, बटाटे आणि चीज यांचा असतो आणि चढाईच्या आदल्या रात्री त्याच्याइतके भरभक्कम जेवण दुसरे नाही. सोबत चिक्की, खजूर, भाजलेले शेंगदाणे आणि हवी तर बाकरवडीही न्यावी. पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई असल्याने पेढे-बर्फीचे डबे घरीच ठेवावेत.

पहिला आणि दुसरा दिवस

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सायकलिंगच्या पहिल्या दिवशी, अवघड काही करू नये. दोन हजार मीटरांवर हवेचा दाब पुण्याच्या मानाने सुमारे एक षष्ठांशाने कमी असतो. त्यामुळे सिंहगडावर जो दम सहज टिकतो तो तेथे लवकर सुटतो आणि मन उगाच खट्टू होते. लिव्हिन्यो या शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या बसने, सायकल घेतली जाते का याची आदल्या दिवशी चौकशी करून, आर्नोगापर्यंत जावे. त्या रस्त्याला बरीच वाहतूक असते आणि त्यावर सायकलने चढण्यात काही स्वारस्य नाही. तेथून डेकोव्हील वाटेने तोर्री दी फ्राएलेपर्यंत जावे, तलावाच्या काठाशी विसावा घ्यावा आणि त्याच वाटेने परत यावे. बुरुजांपासून डांबरी वळणांनी थेट बोर्मियोकडे उतरण्याचा मोह होईल. ब्रेकची अदलाबदल अंगवळणी पडली असेल तरच तो पुरा करावा.

सायकलिंगच्या दुसऱ्या दिवशी बुरुजांचा घाट सायकलने चढावा. सरासरी चढ सुमारे सात टक्के, म्हणजे शंभर मीटरांत सात मीटर आहे आणि सिंहगड चढलेल्याला तो परका वाटणार नाही. सकाळी लवकर निघाल्यास गाड्या फारशा भेटत नाहीत. वर पोहोचल्यावर तलावांच्या काठच्या खडीवाटेने सान जाकोमोच्या टोकापर्यंत जाऊन यावे. अंगात शक्ती आणि आभाळात निळेपणा शिल्लक असेल, तर व्हाल आल्पिसेल्ला या उपखोऱ्यात थोडे वर शिरावे. मिलान प्रदेशाची मोठी नदी आद्दा याच खोऱ्यात उगम पावते. खिंड ओलांडून लिव्हिन्योला उतरणे मात्र त्या दिवशी टाळावे, कारण परतीचा मार्ग तितकाच चढावा लागतो.

हवा आणि परतीची वेळ

डोंगरात दर हजार मीटरांमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे गावात उकडत असताना तलावाशी चार-पाच अंशांनी गार असते आणि उतारावरच्या वाऱ्याने ते आणखी बोचते. चढताना घामाने भिजलेला शर्ट काढून कोरडा बनियन, वर वाराप्रतिबंधक जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घालूनच उतरावे. गारठलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबता येत नाही. ऊन मात्र फसवे असते: हवा थंड असूनही अतिनील किरणांचे प्रमाण उंचीबरोबर वाढते, म्हणून सनस्क्रीन आणि चष्मा वगळू नये.

सकाळी स्वच्छ दिसणारे आभाळ दुपारी एक-दोनच्या पुढे ढगाळून गडगडू शकते. यासाठी घरून निघतानाच परतीची वेळ ठरवावी. बारा वाजता जेथे असू तेथून मागे फिरायचे, खिंड अर्ध्या किलोमीटरवर दिसत असली तरीही, असा नियम गटातल्या सर्वांनी आधी मान्य करावा. वाद घालण्यासाठी खिंडीखालचा चढ ही योग्य जागा नव्हे. गडगडाट सुरू झालाच तर कड्याची धार, एकटे झाड आणि धातूच्या कुंपणापासून दूर व्हावे आणि सायकल बाजूला ठेवून खोलगट भागात थांबावे. अडचणीत ११२ हा क्रमांक इटलीत चालतो. खोऱ्यात मोबाइलला सर्वत्र रेंज असेल असे धरू नये आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा.

गुरे, फाटके आणि पायी चालणारे

या वाटा मुळात गुराख्यांच्या आहेत, सायकलस्वार तेथे पाहुणा असतो. फाटक जसे सापडले तसेच मागे लावावे. गाई वाटेवर बसलेल्या असतील तर उतरून, वासरू आणि गाय यांच्या मधून न जाता, लांबून वळसा घ्यावा. मेंढ्यांच्या कळपासोबत पांढरे राखणदार कुत्रे असल्यास सायकलवरून उतरून तिला आपल्या व कुत्र्याच्या मध्ये धरावे आणि संथपणे चालावे. पळाल्यास तो पाठलाग करतो. चालणाऱ्यांना नेहमी प्रथम वाट द्यावी आणि मागून जाताना दुरूनच घंटी वाजवावी. ‘बोन्जोर्नो’ म्हटले की बहुतेकांचा चेहरा खुलतो.

तिसऱ्या दिवशी सरहद्दीकडे

पहिले दोन दिवस नीट गेले असतील तरच व्हाल मोराकडे वळावे. सान जाकोमोच्या पलीकडून ही वाट स्वित्झर्लंडमध्ये शिरते आणि पुढे २,२३४ मीटरांच्या डॉस रादोंद या माथ्यावरून सांता मारिया गावी उतरते. सरहद्दीजवळ तिचा काही भाग उतरत्या घसाऱ्यावरून जाणारी अरुंद पायवाट आहे. तेथे जिथे खात्री वाटत नाही तिथे सायकल हाताने न्यावी; दरीच्या बाजूला स्वतः न राहता सायकल ठेवावी. भाड्याची सायकल परत द्यायची असल्याने सांता मारियापर्यंत जाण्याचा हट्ट नवख्यांनी धरू नये. आल्प मोरा या कुरणापर्यंत जाऊन आले तरी दिवस पुरतो.

सरहद्दीवर चौकी दिसली नाही तरी पासपोर्ट खिशात असावा. युरोपीय संघापुरत्याच असलेल्या अनेक सिमकार्डांना स्वित्झर्लंडमध्ये जबर शुल्क लागते, म्हणून सान जाकोमो सोडतानाच मोबाइल डेटा बंद करावा. त्या बाजूला हेलिकॉप्टर बचावासाठी १४१४ आणि रुग्णवाहिकेसाठी १४४ हे क्रमांक आहेत. जवळच असलेल्या स्विस राष्ट्रीय उद्यानाच्या पायवाटांवर सायकलला पूर्ण बंदी आहे, तेव्हा नकाशावर आकर्षक दिसणाऱ्या आडवाटेने परत येण्याचा विचार करू नये. आल्या वाटेनेच बुरुजांपर्यंत यावे, जॅकेट आणि हातमोजे चढवावेत, ब्रेक एकदा दाबून पाहावेत आणि मगच डांबरी वळणांनी बोर्मियोत उतरून दुकान बंद होण्यापूर्वी सायकल परत करावी.